शॉकिंग म्हणायला परवानगी नाही

जव्हारपासून मोखाड्यापर्यंत वाईट बातमी सांगायला मनापासून भ्यावं असा एकच माणूस आहे, आणि ते म्हणजे काका, माझ्या सासऱ्यांचे जुने मित्र. भ्यायचं ते रागाला नाही, ते रागावत नाहीत. ते फक्त विचारतात, "कितपत वाईट?" आणि मग तुम्ही जो इंग्रजी शब्द वापरला असेल तो हळूच काढून घेऊन त्याजागी एखादा लहान शब्द ठेवून देतात. तीसेक वर्षं त्यांनी मोखाड्याकडे इंग्रजी शिकवलं. पोरांनी क्रियापद कुठेही टाकलं तरी ते चालवून घेत, पण दुःखाच्या शब्दांत सढळ हाताने वाढलेलं त्यांना खपत नसे. त्यांचं म्हणणं, इंग्रजांनी वाईट गोष्टींसाठी इतके शब्द करून ठेवले ते मापं म्हणून, पायली वेगळी, शेर वेगळा, आणि आपण चिमूटभर मिठालाही पायलीच घेऊन बसतो.

घरात हा कारभार कडक असतो. काकूंचा चहा पुचाट झाला तर तो 'अनप्लेझंट', त्याहून जास्त काही नाही. गुडघा 'ट्रबलसम'. शेजारच्या हळदीचा डीजे 'डिस्टर्बिंग', आणि तो शब्द इतका नेमका बसला म्हणून काका दुपारभर खिडकी उघडी ठेवून खुशीत बसले होते. 'ट्रॅजिक' मात्र त्यांनी थोरला भाऊ विहिरीत बुडाला तेव्हा वापरला, त्यानंतर नाही. सकाळी ते शिरपामाळावर फिरायला जातात. तिथे एकदा मुंबईचं एक जोडपं गाडीतून उतरता उतरता रस्त्याला 'हॉरिबल' म्हणालं. काकांनी त्यांना नमस्कार करून समजावलं की हा रस्ता 'बॅड' आहे, 'हॉरिबल' पुढे वांगणीकडे लागतो, बघायचा असेल तर चला, मी येतो. ते जोडपं गाडीत जाऊन बसलं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ब्याण्णव वर्षांच्या आत्याबाई गेल्याची बातमी आली, तेव्हा सगळ्यांनी 'शॉकिंग' लिहिलं. काकांनी प्रत्येकाला वेगवेगळं कळवलं की ब्याण्णवाव्या वर्षी 'शॉकिंग' नाही, 'सॅड' म्हणा. अशा रीतीने त्यांना तीन ग्रुपांतून काढून टाकलंय. आता नात्यातलं कोण गेलं हे कळावं म्हणून ते रोज चौकातला फलक वाचून येतात.

मी लग्न होऊन जव्हारला आले ती नाशिकहून, आणि एका संस्थेत इंग्रजी अहवाल लिहायला लागले. आपोआपच काका माझे तपासनीस झाले. मी कागद घेऊन जायचे, ते पेन्सिलीने 'अपसेट'चं 'सॅड' करायचे, 'डेस्परेट'खाली रेघ मारून विचारायचे, "ही बाई असं म्हणाली का, सूनबाई?" मी म्हणायचे, नाही काका, पण दिसत होतं ना. मग ते शब्द खोडायचे. अहवाल इतका बारीक होऊन परत यायचा की आमचे साहेब म्हणत, हे वाचून कुणाच्या डोळ्यांत पाणी यायचं? मला दोघांच्या मधे फार अवघडायला व्हायचं. आणि खरं सांगायचं तर साहेबांनी पाठ थोपटली की मला बरं वाटायचं.

म्हणून गेल्या वर्षी देणगीदारांसाठी काढलेल्या इंग्रजी पत्रकाचा मजकूर मी काकांना दाखवलाच नाही. वांगणीच्या पलीकडच्या पाड्यावरची एक बाई होती. नवरा ठाण्याकडे बांधकामावर पडून गेला, आणि ती गावी परतून भात-नाचणी लावत होती, मुलगी आश्रमशाळेत नववीला. मी भेटायला गेले तेव्हा ती आधी माझ्या चपला बघून हसली. असल्या चपलांनी आलीस, आता परत काय उडत जाशील, म्हणाली. नवऱ्याचं दोन वाक्यांत सांगितलं आणि मला भाकर वाढली. मी कचेरीत बसून लिहिताना ही बाई माझ्या हातून 'डिव्हास्टेटेड' झाली, मग 'ट्रॉमा'त गेली, आणि शेवटच्या ओळीत तिचं मन 'शॅटर्ड' होऊन गेलं. साहेबांना अतिशय आवडलं. बाईचा फोटो वर, मजकूर खाली, पत्रक छापून आलं.

महिन्याभराने, बाजाराच्या दिवशी, काकांनी मला बोलावून घेतलं. ओट्यावर ती बाई बसली होती, हातात चुरगळलेलं पत्रक. आमच्याच संस्थेने आश्रमशाळेत वह्या वाटल्या, त्यांच्या गठ्ठ्यातून ते तिथे गेलं होतं. मुलीने आईचा फोटो ओळखला, शब्दकोश घेऊन एकेक शब्द लावला, आणि दप्तर उचलून सरळ घरी आली. आईचं मन फुटलंय, तिला एकटं ठेवायचं नाही, शाळा बंद. आठ दिवस झाले, ती आईला एकटीला पाण्यालाही जाऊ देत नव्हती. आईने गुरुजी म्हणून काकांचं घर गाठलं.

"ताई, यात काय लिवलाय?" तिने मला विचारलं.

मी काकांकडे बघितलं. ते म्हणाले, "तू लिहिलंयस, तूच सांग."

मी सांगायला लागले आणि मला मराठी सापडेना. 'तुम्हाला फार दुःख झालं असं लिहिलंय,' एवढं कसंबसं म्हटलं.

"ता तर झालाच," ती म्हणाली. "पण मी येडी कवा झालू?"

माझे कान तापले. आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि काकांनी तेव्हा रागवायला हवं होतं. ते चप्पल घालायला उठले.

आम्ही तिघं जीपने पाड्यावर गेलो, शेवटचं अंतर चालत. वाटेत काका वाकून वाकून तिच्या नाचणीची चौकशी करत होते. मुलगी दारातच बसली होती. मला वाटलं होतं काका बोलतील, पण ते पडवीत टेकले आणि वाट बघत राहिले. मग मीच म्हटलं की तुझ्या आईला काही झालेलं नाही, मी लिहिलं ते खोटं होतं.

"मंग लिवला कशाला?" मुलीने विचारलं.

वाचणाऱ्यांचं मन द्रवावं म्हणून, असं मी म्हटलं.

"साधा लिवला असता तर नसता द्रवला?"

 मुलगी आईकडे वळली. आई म्हणाली, बापाची आठव येते, कुणाला नाय येत, पण भात कोण लावील, मीच ना? मग मुलगी आत गेली आणि दप्तर भरायला लागली.  वाटलं, निभावलं.

निघताना काकांना दोघींचा फोटो हवा होता. त्यांनी खिशातून फोन काढला, तो उलटा की सुलटा यात थोडा वेळ गेला, मुलगी हसू लागली. आई मात्र ओठ घट्ट मिटून, मान खाली घालून उभी राहिली. काका म्हणाले, वर बघा की.

तिने माझ्याकडे बघून विचारलं, "ताई, आता हसू का?"

काकांना कळेना. मला सांगावं लागलं. पत्रकासाठी फोटो काढताना ती सारखी हसत होती, आणि मी तिला तीन वेळा सांगितलं होतं की हसू नका.

काकांनी फोन खाली घेतला. ते काहीतरी म्हणतील, एखादा शब्द मला लावतील, मोठ्यात मोठा, म्हणून मी खाली मान घालून उभी राहिले.  पण त्यांनी पुन्हा फोन वर धरला आणि तिला अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "हस, बाय."

अजून मी अहवाल घेऊन त्यांच्याकडे जाते. ते पेन्सिल घेतात, तपासतात, काकू चहा आणतात. त्या दिवसाबद्दल ते कधीच बोलले नाहीत, आणि मला रोज वाटतं, बोलावं त्यांनी एकदा.