मंजुषावहिनींचा पंथ, रत्नाकररावांची कंपनी

मंजुषावहिनींच्या देशाचं नाव ओसांड. तिथे राजा नाही, भस्मपंथाचं राज्य आहे. राखाडी कफन्या घातलेले महंत डोंगरावरच्या मठात बसतात आणि माणसांची नावं सांभाळतात. मूल जन्मलं की नाव मठातून येतं. पंथाच्या मनातून कुणी उतरलं की मठ ते नाव परत घेतो, आणि मग त्या माणसाला त्याची आईसुद्धा हाक मारू शकत नाही.

हा देश वहिनींनी सौदीतल्या जिझानमधल्या आमच्या कंपाउंडात, बी-१४ नंबरच्या घरात वसवला. मनीषदादा रिफायनरीत इंजिनियर, वहिनी बायको म्हणून त्यांच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर. नाशकात त्या औषधांच्या कारखान्यात केमिस्ट होत्या, हाताखाली सहा माणसं. इथे आल्यावर हाताखाली एक मिक्सर. मुलगी मुग्धा शाळेला गेली की तिच्या जुन्या वह्यांतल्या कोऱ्या पानांवर त्या लिहायच्या. नऊ वर्षांत एकतीस वह्या भरल्या. मुग्धाचं मत विचारलं तर ती म्हणायची, "मम्मा, इट्स नाइस, बट मराठी में कौन पढ़ेगा?"

"पंथ सुचला कुठून?" मी एकदा विचारलं. मी सडाफटिंग, दर शुक्रवारी त्यांच्याकडे जेवायला.

"तीन आतेसासवा होत्या," पोळी लाटता लाटता वहिनी म्हणाल्या. "मी माहेरी कधी जायचं ते त्या ठरवायच्या. तिघींना जरा डोंगरावर नेऊन बसवलं, एवढंच."

मी करमाळ्याचा. तिथल्या टायपिंगच्या क्लासात मराठीचं सर्टिफिकेट मिळवलं, त्या पापाची फळं इथे भोगतोय. इथल्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक टाइप करणं दरवर्षी माझ्याच गळ्यात. यंदा मीच वहिनींच्या मागे लागून ओसांडचं पहिलं प्रकरण मागून घेतलं, अकरा पानं टाइप केली आणि संपादकांना पाठवली.

संपादक रत्नाकरराव. सौदीत बावीस वर्षं काढली, तेव्हा त्यांना सगळंच कळतं. इथे आपल्या पूजाअर्चेचा उघड उल्लेख नको, म्हणून आमच्या मंडळींना एक खोड लागली आहे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर गणपतीला 'पाहुणे' म्हणायचं, आरतीला 'गेट-टुगेदर', सत्यनारायणाला 'मुलाचा बर्थडे'. असं लिहा म्हणून कुणी सांगितलेलं नाही. पण एकाने सुरू केलं, आणि आता एकेका मुलाचे वर्षाला चार बर्थडे होतात. या शब्दकोशाचे कर्तेही रत्नाकररावच.

"धर्मसत्ता? इथे बसून?" त्यांनी मला फोनवरच झापलं. "तुला परत जायची घाई झालीय का?"

"काका, ती ओसांडमध्ये आहे."

"तू नको शिकवू. मी बघतो जरा सौम्य करून."

मी 'बरं' म्हणालो. शेवटची प्रत उघडूनही पाहिली नाही. ही माझी चूक, आणि तिला कुठलंही कारण मी जोडणार नाही. वहिनींना तर कुणी विचारलंच नाही. अंक जिझानपासून जेद्दापर्यंत दीडशे घरांत गेला.

रत्नाकररावांनी सौम्य केलं होतं ते असं. पंथाच्या जागी कंपनी. महंताच्या जागी मॅनेजर. प्रार्थनेला मीटिंग, मठाला हेड ऑफिस. 'पहाटेच्या मीटिंगनंतर थोरल्या मॅनेजरने नदीला शाप दिला.' 'कंपनीच्या मनातून जो उतरला, त्याचं नाव हेड ऑफिस परत घेते.' खाली लेखिकेचं नाव, ठळक.

लोक हसून हसून पडले. "वहिनी, काय झोडलंय कंपनीला," असे जेद्दाहून फोन आले. वहिनींनी अंक उघडला. तव्यावरची पोळी करपली तरी त्यांनी मान वर केली नाही. मग गॅस बंद करून मला म्हणाल्या, "नऊ वर्षांत एकदाही मला यातल्या कशाचं हसू आलं नाही रे." एवढंच. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी तो अंक आमच्याच रिफायनरीतल्या एका मोठ्या मराठी साहेबांनी वाचला. त्या महिन्यात माणसं कमी करण्याची यादी निघणार अशी कुजबुज होती. साहेबांनी रत्नाकररावांना बोलावून विचारलं, हा थोरला मॅनेजर म्हणजे नक्की कोण?

संध्याकाळी रत्नाकरराव बी-१४ मध्ये हजर. हातात टाइप केलेला कागद: मजकूर सर्वस्वी माझा, कंपनीची बदनामी झाल्याबद्दल मी दिलगीर आहे. खाली सहीची रेघ.

"वहिनी, तुमच्याच भल्यासाठी. मनीषच्या नोकरीचा प्रश्न आहे."

"कंपनी तुम्ही घातलीत आणि दिलगीर मी?"

"कर ना सही," मनीषदादा हळूच म्हणाले. "विषय संपेल."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हीपण जा डोंगरावर. तिघींच्या शेजारी जागा आहे." मग रत्नाकररावांकडे वळून म्हणाल्या, "सही करणार नाही. शुक्रवारी हॉलमध्ये सगळ्यांना बोलवा, तुमच्या साहेबांनाही. मी लिहिलं होतं ते, तसंच्या तसं, तुम्ही वाचून दाखवा. कंपनीवर आहे का ते त्यांना कळेल."

"अहो पण त्यात पंथ आहे, महंत आहेत..."

"गेल्या आठवड्यात त्याची भीती होती, आज कंपनीची. कोणाला भ्यायचं ते एकदा ठरवा."

रत्नाकरराव घाम पुसत बसले. अडकले होते. कंपनीचा संबंध नाही हे दाखवायला त्यांच्याकडे दुसरा पुरावाच नव्हता. पुरावा म्हणजे त्यांनी स्वतः पुसलेली अकरा पानं.

शुक्रवारी जेवणं उरकल्यावर हॉल भरला. साहेब पहिल्या रांगेत. रत्नाकररावांनी माइक तोंडापासून हातभर लांब धरला होता. वहिनी पाठीमागे, दाराशी उभ्या. बसायला कुणी सांगितलं तरी बसल्या नाहीत.

कथेत एक नावाडीण आहे. पंथाने हद्दपार केलेल्या माणसाला तिने नदीपार नेलं, म्हणून तिचं नाव काढून घेतलंय. तिला मठात उभी करतात. महंत म्हणतो, चुकले म्हण, नाव परत देतो. रत्नाकरराव इथवर आले, अडखळले, आणि पान उलटलं. "मग ती डोंगर उतरली," त्यांनी वाचलं.

"एक ओळ सोडलीत," दारातून वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, ती जरा..."

"वाचा."

साहेबांनी मागे वळून पाहिलं. मग सगळ्यांनीच. मनीषदादा उठून वहिनींच्या शेजारी जाऊन उभे राहिले, पण त्यांना जागा द्यायला त्या जराही सरकल्या नाहीत. रत्नाकररावांनी पान मागे घेतलं आणि ओळ वाचली:

"'ठेवा माझं नाव तुमच्याकडेच,' ती म्हणाली. 'मी चुकले नाही.'"

मग त्यांनी माइक खाली केला आणि साहेबांकडे पाहिलं.

"आता पुढे," वहिनी म्हणाल्या. "अजून सहा पानं आहेत."