ताटात काढलेलं घर

भूत, भानामती, शकुन... यातलं मला काहीच पटत नाही. आणि खरं सांगायचं तर या अनुभवात भूत नाहीच. तरी लिहितोय, कारण हे सांगावं कुणाला तेच कळत नाही.

आम्ही सेलूचे, वर्धा जिल्हा. बाबांचं कापडाचं दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत आमचा संसार. आई रांधायची त्या खोलीला खिडकी नव्हती. पवनारच्या रस्त्याला बाबांनी प्लॉट घेऊन ठेवला होता. जेवण झालं की ताटात उरलेल्या वरणात ते बोटानं तिथलं घर काढायचे. स्वयंपाकघर रस्त्याच्या बाजूला, आईला येणारे-जाणारे दिसावेत म्हणून. जिन्यावर गोल खिडकी. प्लॉटवरच्या कडुनिंबाला वळसा घालून गेलेली भिंत. कागदावर मात्र कधी एक रेघ नाही. आईनं ताट घासलं की घर संपलं!

१९९७ च्या दिवाळीनंतर मी जुनी मारुती व्हॅन घेतली आणि दोघांना घेऊन उत्तरेकडे निघालो. मला विमानांचं वेड. दिल्लीला विमानांच्या संग्रहालयात कॅमेऱ्याचं सगळं रीळ संपवलं. बाबा म्हणाले, "तुये इमानं पाह्यले, आता मले घरं दाखव."

म्हणून पुढच्या एका शहरात (नाव मुद्दाम लिहीत नाही) वास्तुकलेच्या संग्रहालयात गेलो. नकाशे, फोटो, आणि आतल्या खोलीत काचेच्या पेट्यांमध्ये लाकडी मॉडेलं. आई एका पेटीपाशी थांबली.

"अवो, इकडं या ना... हे त आपलं घर हाय."

मी हसतच गेलो... गोल खिडकी. रस्त्याकडे स्वयंपाकघर, आत चिमुकला ओटासुद्धा. आणि भिंत — एका झाडाला वळसा घालून गेलेली. कुणाचं, कुठलं, काही पाटी नव्हती. बाबा काचेवर हात ठेवून पेटीभोवती फिरत राहिले. शेवटी पहारेकऱ्यानं बंद करायची वेळ झाली म्हणून आम्हाला बाहेर काढलं.

व्हॅनमध्ये बसल्यावर बाबा एवढंच बोलले, "कोनंतरी बांधलंच ना. झालं मंग."

मला वाटलं, खूश आहेत. पण घरी आल्यावर त्यांनी ताटात बोट फिरवलं नाही. जेवायचे, हात धुवायचे. आईनं एकदा विचारलं, "आपलं घर कवा बांधता?" तर म्हणाले, "बांधून झालं ते." पुढे प्लॉटही विकला. आई त्याच अंधाऱ्या खोलीत रांधत राहिली. दिल्लीहून विमानं बघूनच परत फिरलो असतो तर... असं आजही वाटतं.

२००५ मध्ये ऑफिसच्या कामानं त्या शहरात पुन्हा जाणं झालं. मुद्दाम संग्रहालयात गेलो. खोली तीच, पेट्या त्याच. ते घर नव्हतं. तिथला जुना कर्मचारी म्हणाला, "ऐसा मॉडल यहाँ कभी था ही नहीं, साहब." पुन्हा पुन्हा विचारलं. उत्तर तेच.

बाहेर येऊन दुकानात फोन लावला. लावायला नको होता. बाबांना सगळं सांगितलं.

"म्हंजे... कोनंच बांधलं नोतं?"

"नाही बाबा."

"मंग मी काऊन थांबलो रे?"

मी फोन ठेवला. आता बाबाही नाहीत; ते का थांबले हा प्रश्न तेवढा माझ्याकडे उरलाय.