सापुताऱ्याच्या चढावर भूषणचा लाल फिल्टर

हे लिहायचं म्हणता म्हणता तीन रविवार गेले. एकदा बसलो तर चार्जर सापडेना, तो शोधताना जुना कॅरम सापडला आणि दुपार गेली. पण खरं कारण वेगळं आहे. ज्याच्यासाठी ही सहल झाली तो भूषण परतल्यापासून नीट बोलत नाही, आणि त्याने काय ठरवलं हे कळल्याशिवाय लिहायला हात उचलत नव्हता. अजूनही कळलेलं नाही. तरी लिहितो, नाहीतर रस्ते विसरेन.

भूषण माझा शेजारी. मूळचा शिरपूरकडचा, नऊ वर्षं सुरतच्या पांडेसऱ्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर आहे, बारा तासांची पाळी. त्याला गाड्यांच्या सामानाचं दुकान काढायचं होतं. एका विक्रेत्याने त्याला उघडा एअर फिल्टर दाखवला, शंकूच्या आकाराचा, लाल, चकचकीत पाइपासकट. गाडीतली कंपनीची काळी पेटी काढायची, हा लावायचा. इंजिनाला हवा जास्त, म्हणून जोर जास्त, असं विक्रेत्याचं म्हणणं. भूषणने गाळासुद्धा बघून ठेवला. गाळेवाल्या बाईंना सोमवारी हो-नाही सांगायचं होतं, आणि हो म्हटलं की लूम सुटली.

"आधी स्वतःच्या गाडीला लावून घाटात बघ ना," मी म्हटलं. मला फिरायला निमित्त हवं होतं, हेही सांगून टाकतो.

शुक्रवारी सकाळी सहाला निघालो. गाडी भूषणची, सेकंडहँड, छोटी पेट्रोल. सचिनवरून पलसाणा, तिथून बारडोली, व्यारा, उनाई, वघई आणि सापुतारा. रस्ता चांगला, फक्त बारडोलीच्या आसपास उसाच्या ट्रॅक्टरांमागे रखडायची तयारी ठेवा. दोन ट्रॉल्या एकामागे एक असतात, ओव्हरटेक करायला जाऊ नका. उनाईला गरम पाण्याचं कुंड दिसलं तसा मी गाडी थांबवायला लावली.

"भो, तू आंघोळीला आलाय का टेस्टला?" भूषण वैतागला.

"दोन्हीला."

पाऊण तास गेला. पाणी खरंच गरम आहे, टॉवेल घेऊन जा.

वघईच्या पुढे सागाच्या जंगलात एक लांब, सरळ चढ आहे. तिथे आमची परीक्षा. तिसरा गिअर, ताशी तीसपासून साठपर्यंत किती सेकंद लागतात ते मी मोबाइलवर मोजायचं. पुढेमागे कोणी नसेल तेव्हाच. जुन्या पेटीवर तीनदा मोजलं: साधारण तेरा सेकंद. मग रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून पेटी काढली, डिकीत टाकली, लाल फिल्टर बसवला. पुन्हा तीनदा. अकरा!

भूषणने स्टिअरिंगवर हात आपटला. "पाहिलं? दोन सेकंद! सोमवारी हो सांगतो. नऊ वर्षं कानात खटखट ऐकतोय, बस झालं."

आवाज तर असा घुमत होता की बांबूच्या टोपल्या घेऊन जाणाऱ्या दोन बायका थांबून बघायला लागल्या. त्यातली एक म्हणाली, "गाडीला सर्दी झाली का?" भूषणला तेही कौतुकच वाटलं.

सापुताऱ्याला तळ्याजवळ खोली घेतली, बाराशे रुपये. शनिवार-रविवारी दुप्पट सांगतात. जेवायला बाजारातल्या लायनीत न जाता थोडं मागे जा, नागलीची भाकरी, उडदाचं वरण आणि बांबूचं लोणचं, दीडशेत पोट भरतं. भूषण जेवताना दुकानाचं नाव ठरवत होता. मी तीन नावं सुचवली, तिन्ही त्याला आवडली नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी उतरताना बॉनेटमधून शिट्टी ऐकू यायला लागली. पाइपाचा क्लॅम्प ढिला झाला होता. वघईत रस्त्यालगत पत्र्याच्या शेडमध्ये एक गॅरेज दिसलं. देवरामकाका, साठीचे, डांगी माणूस, गुजराती-मराठी एकत्र बोलणारे. क्लॅम्प एका मिनिटात आवळला. मग विचारलं, "जुनी पेटी कुठाय?"

भूषणने डिकीतून आणून दिली. काकांनी कड्या उघडल्या, आतला कागदी फिल्टर काढला आणि बघतच राहिले. त्यावर तंतूंचा जाड थर बसला होता, पांढरा, निळा, मधूनच गुलाबी.

"आ फिल्टर छे के गोदडी?" काका म्हणाले. "गाडी लावतोस कुठे?"

"कारखान्यामागे. मोठ्या पंख्याखाली सावली असते," भूषण म्हणाला आणि बोलता बोलताच थांबला.

लूमच्या कारखान्यातला तो पंखा आतला सगळा धाग्याचा भुगा बाहेर फेकतो. पाळी संपेपर्यंत गाडी त्याच्याखाली उभी असायची. पांडेसऱ्यात सगळेच लावतात, सावली दुसरी आहेच कुठे.

काकांनी पेटी पुसली, अडीचशे रुपयांचा नवा कागदी फिल्टर घातला, लाल फिल्टर उतरवला. "जा, परत मोज."

आम्ही मागे फिरून त्याच चढावर गेलो. तीनदा. अकरा, अकरा, पावणेअकरा. मी आकडे मोठ्याने वाचलेच नाहीत, मोबाइल त्याच्याकडे दिला.

परत आल्यावर काकांनी चहा मागवला. "लाल फिल्टर उघडा आहे ना, बॉनेटमधली तापलेली हवाच ओढतो. ट्रॅफिकमध्ये उभा राहिलास की आणखी सुस्त. रेसवाले इंजिनाचं बाकीचं काम करतात, त्यांचं वेगळं. तुझ्या गाडीला पेटीच चांगली."

"मी चाळीस विकणार होतो," भूषण म्हणाला.

"घेणारे मिळतील. आवाज छान आहे."

"आणि महिन्याने त्यांच्या फिल्टरची गोधडी झाली की?"

काकांनी खांदे उडवले. सुरतेला याल का कधी, भूषणने विचारलं. आठ वर्षं सुरतेत होतो, म्हणाले, त्या भुग्यात परत पाय ठेवणार नाही. तरी भूषणने त्यांचा नंबर घेतला. परतीला बारडोलीजवळ तो म्हणाला, "बाईंना काय सांगू?" मी तिथला पातरा, आपल्या अळूवडीसारखा, खाऊ या म्हटलं, तर त्याने गाडी थांबवलीच नाही.

विचारणाऱ्यांसाठी एवढंच: फरक वाटला तर आधी तुमचा जुना फिल्टर उघडून बघा. आमचे दोन सेकंद लाल फिल्टरचे नव्हते, साफ हवेचे होते. पेट्रोल, खोली, खाणं धरून दोघांत साडेतीन हजार लागले, आणि मी परत जाईन ते उनाईसाठी. भूषणने विक्रेत्याला 'नको' असं कळवलं, एवढं त्याच्या बायकोकडून समजलं. गाळ्याचं काय केलं हे तिलाही माहीत नव्हतं. एका माणसाचं दुकान मी स्टॉपवॉचने बंद केलं की काय, हे तीन आठवडे डोक्यातून जात नाही.

थांबा, आई खालून हाक मारतेय. भूषणच्या घराला कुलूप आहे म्हणून कोणीतरी आमच्याकडे आलंय. खिडकीतून बघतोय: पान्यांची पिशवी घेतलेले देवरामकाका, आणि आईला सांगताहेत, "पोराने फोन करून बोलावलंय. आठ दिवस राहीन, पेटी उघडून फिल्टर बदलायला तरी शिकवतो. त्याचा नवा गाळा कुठल्या गल्लीत आहे?"