सुरमईच्या कुळातली इंदू

इंदूचा धाकटा भाऊ वसंता फोनवर नेहमी ओरडूनच बोलतो. डाव्या कानानं त्याला ऐकू येत नाही, आणि आपल्याला येत नाही म्हणजे समोरच्यालाही येत नसणार, असा त्याचा जुना समज आहे. त्या सकाळी मात्र तो इतक्या हळू बोलला की मला दोनदा विचारावं लागलं. "कमलताई, ताई गेली... झोपेतच गेली." त्यानं फोन तसाच धरून ठेवला, आणि मीही. मागे त्यांच्या माटुंग्याच्या घरातल्या नळाचं पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता. कुणीतरी तो बंद करायला हवा होता.

इंदू ज्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची तिथे आठवड्याभरानं शोकसभा झाली. तिचे विद्यार्थी आता स्वतः निवृत्त झालेले. एकेक जण उठून बोलला, आणि जवळजवळ प्रत्येकानं बाईंना निर्भीड म्हटलं. मी खाली मान घालून ऐकत होते. इंदूला यातला एकही शब्द पटला नसता. इंदू भित्री होती. माझ्या आयुष्यात मी तिच्याइतकं भित्रं माणूस पाहिलं नाही. कुत्र्यांना भ्यायची, लिफ्टला भ्यायची, फटाक्यांना भ्यायची, सरकारी लिफाफा आला की फोडण्याआधी पाणी प्यायची. ससून डॉकवर जिवंत खेकड्यांची टोपली समोर आली तर माझ्या मागे दडायची. आणि तरीही जे घडलं ते तिच्या हातून घडलं. ते त्या सभेत कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे.

आम्ही भेटलो त्या वेळी दोघी एम. एस्सी. करत होतो. मी गिरगावातली, कारकुनाची मुलगी. आमच्या घरात मासा हा शब्दसुद्धा हळू आवाजात उच्चारला जाई. इंदू लालबागच्या चाळीतली. वडील गिरणीत होते, ते लवकर गेले, आणि मग तिची आई दोन खोल्यांत खाणावळ चालवून मालवणहून आलेल्या गिरणीकामगारांना जेवू घालायची. त्यामुळे इंदूला मासे लहानपणापासून हाताळायची सवय. तिच्या अभ्यासाचा विषय होता बांगडा, सुरमई आणि कुपा यांचं कूळ. हे सगळे समुद्रातले वेगानं पोहणारे मासे. पाठीवरचा पुढचा पर खाचेत मिटून घेतात, शेपटीकडे वर-खाली इवल्या परांची रांग असते, आणि शेपटीच्या बुंध्याला दोन्ही बाजूंनी कड असते, होडीच्या तळाला असते तशी. कुप्याचं रक्त आजूबाजूच्या पाण्यापेक्षा गरम असतं आणि तो पोहायचा थांबला तर गुदमरून मरतो, हे तिनं मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर चक्क काळजी होती. त्या काळात जाणकारांत एक वाद होता. कुणी म्हणे, बांगड्याचं कूळ निराळं, सुरमईचं निराळं, कुप्याचं तर अगदीच निराळं. इंदूला हाडं पाहून वाटू लागलं होतं की हे सगळे एकाच घरातले आहेत. वसंता तेव्हा गिरणीत नुकताच लागला होता आणि संध्याकाळी मोर्चे, सभा यांच्यामागे असायचा. तो तिला चिडवायचा, "ताई, आम्ही इथे मराठी मुलूख एक करतोय आणि तू मासे एक करतेस!" इंदू हसायची नाही. "हळू बोल रे," म्हणायची, "खाली कुणी ऐकेल."

मग ते दिवस आले. मुंबई महाराष्ट्रापासून तोडणार असं कळलं आणि गिरणगाव पेटून उठलं. कॉलेज बंद झालं. प्रयोगशाळेला कुलूप लागणार, त्याआधी ज्याला जे वाचवायचं ते त्यानं घरी न्यावं, असं आमच्या सरांनी सांगितलं. इंदूची दीड-दोन वर्षांची मेहनत काचेच्या बरण्यांत होती. माशांची पिल्लं, कल्ले, शेपट्या, सगळं फॉर्मलीनच्या पाण्यात बुडवून ठेवलेलं. एकटीला नेववेना म्हणून मी सोबत गेले. ट्रामनं लालबागला उतरलो, बरण्या जिन्यानं वर चढवल्या, तिच्या आईनं चहा टाकला, आणि तो उकळायच्या आत खाली रस्त्यावर फटाके वाजल्यासारखा आवाज झाला. इंदूच्या आईनं स्टोव्ह विझवला. "फटाके न्हय ते," ती म्हणाली. थोड्या वेळानं पोलिसांची गाडी कर्णा लावून संचारबंदी पुकारत गेली, आणि मी लालबागला अडकले.

त्या भीतीला आवाज फार कमी होता, हे मला अजून आठवतं. एरवी भोंग्यानं, भांड्यांनी, भांडणांनी भरलेली ती चाळ नुसती श्वास घेत होती. बायका खिडक्यांपासून दूर बसून तांदूळ निवडत होत्या. समोरच्या इमारतीत गॅलरीत उभ्या असलेल्या एका माणसाला गोळी लागली म्हणे... कुणी म्हणत होतं मेला, कुणी म्हणत होतं नुसता खांदा गेला. गिरगावात माझ्या वडिलांना मी कुठे आहे हे ठाऊक नव्हतं, आणि कळवायचा मार्ग नव्हता. इंदू भिंतीला पाठ लावून बसली होती आणि तिचे दात एकमेकांवर वाजत होते. मला आधी वाटलं, तिला ताप भरलाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाक्यावर दगडफेक झाली आणि पोलीस आमच्या चाळीत शिरले. बुटांचा आवाज एकेक मजला चढत वर आला. दारं ठोकणं, भांडी पडणं, एखाद्या बाईचा रडण्याचा आवाज, आणि पुन्हा बूट. आमच्या दारात आले तेव्हा वसंता जेवत होता. एका शिपायानं खाटेखालून बरण्या ओढल्या. गढूळ पाणी, आत काहीतरी फिकट पांढरं, शेजारी चिरफाडीच्या सुऱ्या. "हे काय?" त्यानं विचारलं. इंदू तोंड उघडेपर्यंत त्यानं झाकण उघडून नाक आत घातलं आणि मागच्या मागे कोलमडला. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. "ॲसिड! ॲसिड आहे साहेब!" एवढं ओरडणं पुरे झालं. भरल्या हातानिशी त्यांनी वसंताला उचललं. दोन बरण्या पुरावा म्हणून गेल्या. जिन्यावरून त्याचा आवाज आला, "मासे आहेत ते, मासे!" आणि मग काठीचा.

त्या दिवसांत पकडून नेलेली पोरं परत येतील की नाही याची खात्री नसे. शेजारी गोळा झाले, त्यांनाही आपापल्या पोरांची धास्ती. "उरलेलं मोरीत ओता," सगळे म्हणू लागले. इंदूची आई तर हात जोडून बसली. "इंदू, माझे बाय, ता सगळा भायर टाक गो... माझो झील गेलो." इंदूनं एकेक बरणी मोरीशी नेली आणि रिकामी केली. दोन वर्षं मोरीत गेली आणि तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, ती तेवढी घाबरली होती. शेवटची बरणी तिच्या हातात तशीच राहिली. "ही ठेवते," ती म्हणाली, "दाखवायला काहीतरी लागेल ना, कमल."

सकाळी दूध-धान्यासाठी संचारबंदी थोडी सैल केली. निघण्याआधी इंदू मोरीत जाऊन ओकली, तोंड धुतलं, बरणी कापडी पिशवीत घातली आणि माझा हात धरला. रस्ता ओळखू येत नव्हता. दगड, काचा, आणि चपला, सगळीकडे एकेकट्या पडलेल्या चपला. नाक्यावर बंदूकवाल्या शिपायानं अडवलं. "पिशवीत काय?" इंदू म्हणाली, "मासा." त्यानं बंदुकीच्या नळीनं पिशवीचं तोंड रुंद केलं, आत डोकावला, आणि आमच्या तोंडाकडे पाहिलं. नळी इंदूच्या पोटापासून वीतभर लांब होती. आपण इथेच मरणार, असं मला वाटलं, आणि वडिलांना कोण सांगणार हा विचार आला. तेवढ्यात मागून कुणीतरी त्याला हाक मारली आणि त्यानं मान हलवून आम्हाला जाऊ दिलं.

चौकीत साहेबांच्या टेबलावर आमच्या त्या दोन बरण्या होत्या, आणि टेबलाजवळ कुणीही नव्हतं. साहेब खिडकीशी उभे होते. रात्रभर झोपलेले दिसत नव्हते. त्यांच्या हाताला पट्टी होती. इंदूनं कसंबसं सांगितलं, मी विद्यार्थिनी आहे, हे मासे आहेत. "उघडून दाखवा," ते म्हणाले आणि आणखी एक पाऊल मागे गेले. इंदूनं बरणी उघडली, उघडा हात आत घातला आणि वीतभर पिल्लू बाहेर काढून टेबलावरच्या वर्तमानपत्रावर ठेवलं. दाराशी एक म्हातारा हवालदार उभा होता. तो पुढे वाकला. "साहेब, मासोच हा," तो म्हणाला. "इसवणाचा पिल्लू." कोकणात सुरमईला इसवण म्हणतात.

आम्ही सुटलो, असं मला वाटलं. माझ्या तोंडून निःश्वास बाहेर पडतोय न पडतोय तोच इंदू मोठ्यानं म्हणाली, "इसवण नाही, तोवर." तोवर हे सुरमईच्याच एका भाऊबंद माशाचं नाव.

साहेबांनी वळून पाहिलं. "म्हणजे? तुमच्यातच मेळ नाही?" मी तिचा हात इतक्या जोरात दाबला की नखं रुतली. पण तिला थांबताच येईना. "इसवणाला आडवे पट्टे असतात, याला ठिपके आहेत. आणि ही बाजूची रेघ बघा, हळूहळू खाली उतरते. इसवणाची एकदम खाली कोसळते. कूळ एकच आहे साहेब, पण मासा वेगळा." तिच्या गालांवरून आता पाणी वाहत होतं. ते फॉर्मलीनचं की रडण्याचं, मला कळलं नाही. साहेब टेबलाजवळ आले. पुराव्याच्या बरणीवर बोट ठेवून म्हणाले, "एवढं निरुपद्रवी आहे, तर यातला एक घोट घ्या."

इंदूनं बरणीकडे पाहिलं. "नाही घेणार," ती म्हणाली. "मरेन. विष आहे ते. पण ते फुटत नाही, आणि फेकायला आम्ही ठेवलेलं नव्हतं."

आतल्या खोलीतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. साहेबांनी हवालदाराला बरण्या बाहेर न्यायला सांगितलं आणि आम्हाला म्हणाले, "घरी जा. आणि पुन्हा रस्त्यावर दिसू नका." वसंताचं काय, हे विचारायची हिंमत आम्हा दोघींना झाली नाही. चार दिवसांनी वसंता चालत घरी आला. ॲसिडचा आरोप काढून टाकला होता. डावा कान मात्र सुजून बंद झाला होता, तो पुन्हा उघडला नाही.

इंदूनं पुढे सगळं नव्यानं जमवलं. प्रबंध उशिरा झाला, पण झाला. महाराष्ट्राचं राज्य झालं त्या रात्री सगळं लालबाग रोषणाई बघायला रस्त्यावर होतं आणि इंदू कानांत बोटं घालून आतल्या खोलीत बसली होती, फटाक्यांमुळे. तिनं लग्न केलं नाही. आई गेल्यावर भाऊ-बहीण माटुंग्याला राहायला गेले. पुढे जगभरच्या अभ्यासकांनी बांगडा, सुरमई, कुपा एकाच कुळात घातले. तिनं मला ते फोनवर सांगितलं, आणि लगेच म्हणाली, "माझं त्यात काही नाही हं." मात्र एक गोष्ट तिला आयुष्यभर कुरतडत राहिली. मी गप्प बसले असते तर वसंता त्याच दिवशी सुटला असता का, असं ती मला दर काही वर्षांनी विचारायची. मी नाही म्हणायचे. मला तरी काय ठाऊक होतं?

मागच्या आठवड्यात वसंताकडे गेले होते. त्यानं चहा केला, जरा गोडच. मी न विचारता तो सांगू लागला, नेहमीसारखं ओरडून नाही. "कमलताई, त्या दिवशी मी आतल्याच खोलीत होतो. भिंतीपलीकडे. तुम्ही आलात हे मला कळलं. जीव नुसता मुठीत... ही आता काहीतरी बोलणार आणि हिलाही आत टाकणार. आणि एवढ्यात ताईचा आवाज आला, इसवण नाही, तोवर." त्यानं कप खाली ठेवला. "मला हसूच आवरेना हो. तोंडावर हात दाबला तरी थांबेना. शेवटी त्यांनी कानाखाली मारली, मी खालीच पडलो... तीच ही."

"इंदूला सांगितलं नाहीस कधी?"

"वेड लागलंय का?" वसंता म्हणाला. "मग तिनं परत कुणाला माशाचं नाव सांगितलं असतं का?"

मी निघाले तेव्हा तोही औषधं आणायला माझ्याबरोबर खाली उतरला. वसंता घराबाहेर पडला की इंदू गॅलरीत येऊन उभी राहायची. तो कोपऱ्यावर पोचला की मागे वळून हात वर करायचा, आणि मगच ती आत जायची. गिरणीत जाताना, बाजारात जाताना, पुढे काठी घेऊन फिरायला जाताना, एकही दिवस चुकला नाही. हाक मारून त्याला ऐकू आली नसती ना. आम्ही बोलत बोलत कोपऱ्यापर्यंत आलो. वसंता वाक्य अर्धं सोडून थांबला, मागे वळला आणि त्यानं हात वर केला. गॅलरीत कुणी नव्हतं. दोरीवर त्याचाच एक सदरा वाळत होता. हात खाली घ्यायला त्याला जरा वेळ लागला.