तिसरं टिंब

"समीकरण देख, मंग रस्ता धर," असं म्हणत बाई पोरींच्या वहीवर लाकडी पट्टी आपटायच्या. नंदुरबारात आमच्या शेजारच्या घरात त्यांची दहावीच्या गणिताची शिकवणी चाले. मधे एकच भिंत, त्यामुळे निम्मं गणित आम्हालाही फुकट मिळालं.

प्रत्येक आलेखाला तक्ता करणाऱ्या पोरींची त्यांना चीड. "पाच-पाच टिंबं मांडी ऱ्हायनी, पंगत शे का?" २x + ३y = १२ असेल तर अक्षांवरचे दोन बिंदू घ्या, जोडा. तिसरा फक्त खात्रीसाठी.

तिथंच शिकणाऱ्या माझ्या मुलीनं हीच रीत y = २x ला लावली. दोन्ही वेळा शून्यच आलं, तर तिनं त्या एका बिंदूतून अंदाजानं रेघ ओढली. बाई हसल्या. "एक टिंबमाईन कितल्याबी रेघा जातस, पोरी." इथं चढ बघायचा : एक घर उजवीकडं, दोन वर.

त्याच भिंतीतून दुसरे आवाजही येत. बाईंचा नवरा मारायचा, हे आम्हाला कळलं त्यांच्या फुटलेल्या भुवईवरून. पोलिसांत चला, असं माझी बायको म्हणाली. बाई म्हणाल्या, "एक टिंबवर रेघ कशी मारू, ताई?"

पुढच्या खेपेला त्यानं त्यांची दोन बोटं दारात चेमटली. बाई डाव्या हातानं फळ्यावर लिहू लागल्या. बायको पुन्हा गेली. परीक्षा तोंडावर आहे, घर त्याचं, पोरींना कुठं बसवू, असं बाईंनी सांगितलं. मग नेहमीचं वाक्य, "तिसरं खात्रीले लागस."

बायको चिडली. "बाई, हाई गणित नही शे. तो मारी टाकी तुमले."

ते टिंब भर शिकवणीत पडलं. पोरी किंचाळल्या तसा मी धावलो. नवऱ्यानं पट्टी बाईंच्या डोक्यात मारून मोडली होती आणि उरलेल्या तुकड्यानं तो त्यांच्या तोंडावर मारत होता. मी त्याला मागून धरलं, तर कोपरानं माझा दात पाडला. गल्लीतल्या चौघांनी त्याला खाली दाबलं तेव्हा कुठं तो थांबला. बाई भिंतीला धरून उठल्या. ओठ फाटला होता.

"भाऊ, झायी खात्री. गाडी काढा."

मी त्यांना आधी दवाखान्यात नेलं, मग पोलीस ठाण्यात. टाके ओले असतानाच त्या सुरतेच्या गाडीत बसल्या, बहिणीकडं. परत आल्या नाहीत.

राहिलेल्या वह्या आणायला मुलीबरोबर मी त्या खोलीत गेलो. फळ्यावर २x + ३y = १२ तसंच होतं, दोन बिंदू मांडलेले, रेघ नाही. मधे रक्ताचा एक वाळलेला थेंब. तो नेमका रेषेवर होता असं लिहिलं तर तुम्हालाही बरं वाटेल. पण मुलीनं पट्टीचा तुकडा लावून पाहिला. थेंब बोटभर खाली होता.

तिनं तो पुसला नाही. खरा तिसरा बिंदू, ३ आणि २, त्याच्या जागी मांडला आणि रेघ ओढली.