आमची जिजी आणि बेटावरचे आठ दिवस

आमच्या जिजीच्या हातात कोणी पाण्याचा तांब्या दिला, तरी ती आधी देणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची आणि मग पाण्याकडे. "भलं करं माय तू," असं म्हणायची आणि मगच प्यायची. देणारी मी असो, शेजारची पोर असो की दारावर मोळी टाकायला आलेली डोंगरातली बाई असो, तिचं हे चुकायचं नाही. जिजी म्हणजे माझी सासू. आमचं गाव तापीच्या काठी, प्रकाशा गावापासून तीन कोस. गावात तिला सगळेच जिजी म्हणत, म्हणून मीही तेच म्हणू लागले.

लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी भाकरी जाळली. धुळ्याला माझे वडील शाळामास्तर. मूळचे ते घाटावरचे. घरात पुस्तकं होती, पण चुलीचा जाळ सांभाळायला मला कोणी धड शिकवलं नव्हतं. जिजीने ती काळी भाकरी ताटात घेतली, खाल्ली आणि म्हणाली, "ऊन ऊन भाकर भेटनी. भलं करं माय तू." मला तो टोमणा वाटला. माझ्या आत्या असंच गोड बोलून बोचायच्या. मी गोठ्यात जाऊन रडले. पुढे कितीतरी महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, की तिला खरंच तेवढंच म्हणायचं होतं. तिच्या उमेदीच्या काळात तिने सगळ्यांच्या मागून, गार झालेलं खाल्लं होतं. कोणी तरी आपल्याला बसवून गरम वाढतंय, याचंच तिला अप्रूप होतं. भाकरी जळकी आहे हे तिच्या खिजगणतीतही नव्हतं.

तिची दुसरी सवय संध्याकाळच्या जेवणाची. आमच्याकडे सगळे एकत्र जेवायला बसत. आमचे मामंजी माझ्या लग्नाआधीच गेलेले, त्यामुळे घरात जिजी, हे आणि मी, एवढीच माणसं. पहिला घास घेण्याआधी जिजी विचारायची, "आज काय बरं व्हयनं?" ज्याने त्याने एक तरी गोष्ट सांगायची. काहीही चाले. कोंबडी खुडूक बसली, विहिरीचा दोर तुटता तुटता राहिला, माहेरचं पत्र आलं. फक्त "काही नाही" म्हणायची मुभा नव्हती. सुरुवातीला मला हसू यायचं. हे काय, शाळेतला पाढा म्हणायचा की काय, असं वाटायचं.

एका पोळ्याच्या तोंडावर आमचा चांद्या नावाचा बैल मेला. त्या संध्याकाळी हे ताटावर बसले ते मान खाली घालूनच. जिजीने विचारलं. हे म्हणाले, "काही नही." जिजीने हातातला तुकडा ताटात ठेवला आणि नुसती बसून राहिली. रागावली नाही, पुन्हा विचारलंही नाही. भाजी गार व्हायला लागली. शेवटी हे म्हणाले, "जीव गया तवय त्यानं डोकं मन्हा मांडीवर व्हतं." जिजी म्हणाली, "हां," आणि जेवायला लागली. त्या दिवसापासून मी हसणं सोडलं.

आमची सोनी झाली आणि त्या प्रश्नाला खरी रंगत आली. बोलता यायला लागल्यापासून पहिला नंबर तिचा. जिजी विचारायच्या आतच ती सांगून मोकळी व्हायची आणि मग आमच्या प्रत्येकाच्या तोंडाकडे टकमक बघत बसायची. तिची बोली अगदी जिजीची होती. माझी पुस्तकी भाषा तिने उचललीच नाही.

सोनी चार वर्षांची असताना मला हिवतापाने धरलं. थंडी वाजून ताप यायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. हिवाळा गेला, शिमगा गेला, तरी अंगात त्राण येईना. वैद्यबुवा म्हणाले, हवापालट झाली तर बरं. हे विचारात पडले. हवापालटाला जायचं म्हणजे कुठे? आमच्या घरातलं कोणी कधी काम सोडून चार दिवस कुठे राहिलं नव्हतं. जिजी म्हणाली, "मोठा लोक हवा बदलाले डोंगरवर जातस. आपुन तापीमा जाऊत."

तापीच्या पात्रात आमच्या गावासमोर एक बेट होतं. पावसाळ्यात त्याचा नुसता माथा दिसायचा, पण चैत्र-वैशाखात ते चांगलं मोकळं व्हायचं. मधोमध जांभळाची पाच-सहा झाडं, भोवती वाळू, आणि त्या वाळूत सुकलाल भोयाची टरबुजांची वाडी. सुकलालने आपल्या नावेतून आमची गोधडी, पीठ, चार भांडी आणि आम्हाला तिघींना पलीकडे नेलं. जांभळाखाली त्याने पळकाट्यांची, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांची, खोप घालून दिली. हे दिवसभर शेतावर असत आणि दिवस कलला की नावेतून जेवायला येत.

उतरल्या उतरल्या मी चुलीचे दगड शोधायला लागले, तर जिजीने माझा हात धरला. "आठे बस. आठ दिन तू सून नही. मन्ही अंडेर शे." अंडेर म्हणजे लेक. मला वाटलं, म्हणायचं म्हणून म्हणतेय. पण आठ दिवस तिने मला चुलीजवळ फिरकू दिलं नाही. ती स्वतः भाकरी थापायची, मासे भाजायची. मला सूर्य वर आला तरी उठवायची नाही. दुपारी मला पाण्यात बसवून तिने माझे केस धुतले, जांभळाखाली वाळवले, आणि गुंता सोडवता सोडवता तिला कंटाळा म्हणून आला नाही. माझी आई मी सहा वर्षांची असताना गेली. त्यानंतर माझ्या केसांना दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता. मी तिच्याकडे पाठ करून बसले होते म्हणून बरं झालं. डोळे पुसता आले.

तिथे काही म्हणजे काही करायचं नव्हतं. पाण्यावरून गार वारा यायचा. सोनी वाळूत खड्डे करायची, त्यात पाणी झिरपलं की हाका मारायची. तिसऱ्या दिवशी माझा ताप आला नाही. चौथ्या दिवशीही नाही. संध्याकाळी हे आले की आम्ही चौघं वाळूतच जेवायला बसायचो आणि जिजी विचारायची. पहिल्या दिवशी सोनी म्हणाली, "मी नावमा बसनी." दुसऱ्या दिवशी, "टरबूज लाल निंघनं." तिसऱ्या दिवशी तिने बराच विचार केला आणि म्हणाली, "माय झोपनी." एकदा बगळ्याला मासा मिळाला म्हणाली, एकदा बा लवकर आला म्हणून. शेवटच्या दिवशी म्हणाली, "जिजीना पाय पान्यामा, मन्हा बी पाय पान्यामा." हे खूप हसले. मी परतले ती धडधाकट होऊन. गावातल्या बायका म्हणाल्या, सासूने सुनेला डोक्यावर बसवलं. जिजी म्हणाली, "मन्हं डोकं मजबूत शे."

त्याच वर्षी भाद्रपदात गावात पटकीची साथ आली. सोनी अडीच दिवसांत गेली. त्याबद्दल मी अधिक लिहीत नाही. कितीदा लिहायला घेतलं, पण हात पुढे जात नाही.

महिनाभराने असेल. घर पुन्हा सुरळीत चालल्यासारखं दिसत होतं. संध्याकाळी तीन ताटं मांडली. आम्ही बसलो. आणि जिजीने, पूर्वीसारखंच, पण फार हळू, विचारलं, "आज काय बरं व्हयनं?"

मी म्हणाले, "हे तुम्हाला विचारवतं कसं, जिजी? माझी लेक गेली. या घरात आता बरं व्हायचं काही राहिलेलं नाही. पुन्हा हे माझ्यासमोर विचारू नका."

आयुष्यात तेवढ्याच वेळी मी तिच्यापुढे आवाज चढवला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग जिजीकडे. जिजीने मान हलवली आणि जेवायला लागली.

तिने पुन्हा विचारलं नाही. एक दिवस नाही, एक वर्ष नाही. आठ वर्षं आम्ही तिघं रोज संध्याकाळी जेवलो आणि कोणी काही बोललं नाही. माझ्याशी तिचं वागणं तिळभर बदललं नाही. पाणी दिलं की भलं करं म्हणायची, माझं डोकं दुखलं की कपाळ चेपून द्यायची. मला कितीदा वाटलं, आज आपणच काही सांगावं. पण ताट समोर आलं की मी भाकरी मोडायला लागायचे. पुढे आम्हाला मूल झालं नाही.

आठव्या वर्षी हिवाळ्यात जिजी अंगणात पडली आणि तिचा खुबा मोडला. ती अंथरुणाला खिळली. एका दुपारी मी शेतावर जेवण घेऊन गेले होते. हे बांधावर बसले आणि जेवता जेवता आपणहून बोलायला लागले. लहानपणी मानमोडीच्या तापाच्या साथीत ह्यांची भावंडं गेली हे मला माहीत होतं. सगळ्या गावातच तेव्हा घरोघरी माणसं गेली होती. पण आमच्या घरात त्याबद्दल कोणी बोलत नसे. हे म्हणाले, "तिघं गेली, नऊ दिवसांत. मी सात वर्षांचा. त्यानंतर माझी वाचाच बसली. दोन महिने मी एक शब्द बोललो नाही. बाप म्हणाला, पोर मुकं झालं. जिजी रोज संध्याकाळी ताट वाढायची आणि मला विचारायची, आज काय बरं झालं. मी गप्प. मग तीच सांगायची, आज कावळा आला होता, आज शेळीने पाला खाल्ला. रोज विचारायची, रोज स्वतःच सांगायची. एक दिवस माझ्या तोंडून निघालं, दोन कावळे होते."

मी विचारलं, "हे मला आधी का नाही सांगितलं?"

ते म्हणाले, "तिनेच सांगू दिलं नाही. म्हणाली, तिला तिचं दुःख करू दे. माझं तिच्यावर लादू नको."

मी तशीच घरी आले. रिकामी टोपली दारात ठेवली आणि जिजीच्या अंथरुणाशी बसले. ती जागी होती. मी म्हणाले, "जिजी, मी चुकले. तुम्हाला नको ते बोलले."

तिने माझा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला. "तू बोलनी ते बरं करं. मी कोनलेच काही बोलनी नही, माय. तीन लेकरं गयात आनि मी चुल्हा पेटाडाले बसनी. तू बोलनी तवय मले वाटनं, मन्हं बी तूच बोलनी."

मग मी तिला बेटावरच्या संध्याकाळी सांगायला लागले. माझ्या सोनीचा फोटो नाही. तिचं परकर-पोलकं साथीच्या वेळी जाळून टाकावं लागलं. तिच्या तोंडचे शब्द तेवढे माझ्यापाशी उरले आहेत, आणि ते उरले कारण जिजी रोज तिला विचारायची. नावेत बसले, टरबूज लाल निघालं, माय झोपली. आठवत होतं तसं एकेक मी जिजीला सोनीच्याच बोलीत सांगितलं. मी ज्या प्रश्नाचं तोंड बंद केलं होतं, त्यानेच मला माझी लेक राखून दिली होती. एवढं मात्र मला जिजीला म्हणता आलं नाही. ती डोळे मिटून ऐकत होती आणि डोळ्यांच्या कडांतून पाणी कानापर्यंत जात होतं. इतक्या वर्षांत मी तिला रडताना प्रथमच पाहत होते.

मग डोळे उघडून ती म्हणाली, "मन्हा लेकरेस्ना नाव सांगू तुले?" आणि तिने ती सांगितली. थोरली जना. मधला धोंडू. धाकटी अकरा दिवसांची होती. दुसऱ्या दिवशी बारसं व्हायचं होतं, ते राहून गेलं. नाव जिजीने मनात ठरवलं होतं, पण पाळण्यात ठेवलं नाही म्हणून ते कधी तोंडातून काढलं नव्हतं. ते तिने माझ्या कानात सांगितलं.

त्यानंतर जिजी पाच दिवस होती. सहाव्या दिवशी सकाळी मी तिचं तोंड पुसत असताना ती गेली.

तेरावा आटोपला, पाहुणे पांगले. हे ओट्यावर एकटेच बसले होते. मी शेजारी जाऊन बसले. ते म्हणाले, "आता त्या तिघांना ओळखणारा मी एकटाच राहिलो. जना आठवते, धोंडू आठवतो. लहानीच्या झोळीची दोरी मी ओढायचो, पण तिला हाक कशी मारायची? तिला नावच नव्हतं."

मी म्हणाले, "होतं. रेवा."

ते माझ्याकडे वळले. मग त्यांनी ते नाव एकदा हळूच उच्चारून पाहिलं. आणि पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, घरातल्या कोणाला हाक मारावी तसं.