इलंय म्हणजे आलो नव्हे

मास्तर कुठलाही प्रश्न एकदाच विचारत. मग गप्प. समोरचा खाकरो, छताकडे बघो, ते शांतपणे वाट पाहत बसत. यंत्रं आपोआप चालू-बंद करणारे कंट्रोलर बनवणाऱ्या आमच्या कुडाळच्या छोट्या कारखान्यात नवी मुलं म्हणायची, "मास्तर हँग झाले." मास्तरांना ते माहीत होतं. हसायचे.

मी त्यांच्या हाताखाली ड्रायव्हर लिहायला शिकलो. ड्रायव्हर म्हणजे कंट्रोलर आणि सेन्सर यांचं बोलणं जुळवून देणारा छोटा प्रोग्राम. कंट्रोलर विचारतो, तापमान किती? उत्तरासाठी किती थांबायचं आणि कधी 'सेन्सर मेला' असं धरायचं, तो आकडा म्हणजे टाइमआउट. मास्तर हा आकडा कधी टेबलावर ठरवत नसत. जिथे यंत्र बसायचं तिथे जात, मोटर चालू-बंद करून शेकडो वेळा विचारत, सर्वांत उशिराचं उत्तर टिपून घेत आणि वर थोडी सवड ठेवत.

सेन्सर आधी 'प्रश्न पोचला' एवढंच कळवतो, तापमान मागाहून देतो. तो फरक त्यांनी मला असा शिकवला: "आपलो सेन्सर पक्को मालवणी रे. 'खंय आसस?' विचारलंस की म्हणता 'इलंय.' आणि मेलो अजून आंघोळीक बसलेलो आसता!"

मी नेमकं हेच विसरलो. खरं सांगायचं तर विसरलो नाही, आळस केला.

मालवणच्या एका बर्फाच्या कारखान्याचं काम होतं. तिथे जाऊन मोजायचं काम माझं. उन्हात जायचा कंटाळा आला. टेबलावरच सेन्सरचा पहिला होकार किती वेळात येतो ते पाहिलं, दुप्पट केलं, टाकला आकडा. मास्तरांना म्हटलं, "मालवणात मोजून आलो." त्यांनी माझ्या शब्दावर सही केली.

नारळी पौर्णिमा झाली. होड्या समुद्रात जायच्या दिवशीच कारखान्यात बर्फ नाही. बर्फ गोठवणारा कॉम्प्रेसर सुरू झाला की सेन्सरचं उत्तर रेंगाळायचं, माझा ड्रायव्हर त्याला मेलेला ठरवायचा आणि कंट्रोलर कॉम्प्रेसर बंद करायचा. पुन्हा चालू, पुन्हा बंद. धक्क्यावर खलाशी रिकामे खोके घेऊन ओरडत होते. कारखान्याचे शेठ सगळ्यांदेखत म्हणाले, "मास्तर, वय झालं तुमचं. आता पुरे करा."

मास्तरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी वायरकडे पाहत राहिलो. त्यांनी आकडा दुरुस्त केला, कॉम्प्रेसर सुरू केला आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर आले नाहीत. त्यांच्या जागी मला बसवलं. नऊ वर्षं मी त्या खुर्चीत बसलो.

यंदा मे महिन्यात नांदगावला त्यांच्या घरी गेलो आणि सांगून टाकलं. ते एका पंपाचा कंट्रोलर उघडून बसले होते.

"माका त्याच दिवशी कळला," ते म्हणाले. "आकडो टेबलावरचो होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"मी सांगितलंय तर ती चाडी. ता सांगूचा काम तुझा होता." मग कंट्रोलरचं झाकण लावत म्हणाले, "पण माका सांगून काय उपयोग? शेठाक सांग. चल."

गाडी काढून मालवणला गेलो. शेठांनी ऐकून घेतलं. मग बर्फ फोडणाऱ्या माणसांना हाक मारली आणि मला म्हणाले, "तेव्हा मी यांच्यासमोर बोललो होतो. आता तुम्हीही यांच्यासमोर सांगा."

सांगितलं. शेठांनी मास्तरांपुढे हात जोडले. मास्तर इतके अवघडले की माणसांवरच खेकसले, "काय बघतास? बर्फ इतळता थंय!"

परत येताना नांदगाव जवळ आल्यावर म्हणाले, "माका बारीक अक्षर आता दिसणा नाय. आयतवारी येशीत?"

तेव्हापासून दर रविवारी जातो. मी स्क्रीनवरचं वाचून दाखवतो, ते चुका काढतात. गेल्या रविवारी एका ओळीवर इतके भडकले की स्वयंपाकघरातून मास्तरांच्या पत्नीने, काकींनी, विचारलं, "कोणाक वरडतास ओ इतके?"

"घरच्याच माणसाक!" मास्तर म्हणाले, आणि मला ती ओळ पुन्हा वाचायला लावली.